भोंगा साहेबांवर वाजला

पोलादाच्या त्या कारखान्यात 'पर्यावरण आणि सुरक्षा विभाग' अशी दरवाजापेक्षा मोठी पाटी लावलेली एक खोली होती आणि त्या खोलीत अख्खा विभाग एकाच खुर्चीवर बसायचा. त्या खुर्चीवरच्या बाईचं नाव पगारपत्रकाबाहेर कोणी घेत नसे. सगळे तिला काउंटरबाई म्हणत. कोणी नवा माणूस कामावर लागला की हमखास विचारायचा, "बाई कोणत्या काउंटरवर असतात? कँटीनच्या की तिकडे पगाराच्या?" मग बाई कपाटातून करड्या रंगाचा, वीटभर आकाराचा एक डबा काढून टेबलावर ठेवायच्या. डबा टिक टिक करू लागायचा.

"ह्या काउंटरवर," बाई म्हणायच्या. "किरणोत्सर्ग मोजतो हा."

नवा माणूस खुर्ची मागे सरकवायचा.

"मागे सरकून कुठे जाल? तो भिंतीचं मोजतोय, जमिनीचं मोजतोय, आभाळातून येतं तेही मोजतोय. थोडं थोडं सगळीकडेच असतं. थोडं आहे तोवर चहा घ्या."

एकोणीस वर्षं बाई दर सोमवारी कारखान्याची हवा कागदाच्या गाळणीतून ओढून मोजत, मागच्या ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरून आणत, आवारातली माती खरवडत आणि सगळे आकडे एका वहीत लिहून व्यवस्थापकांच्या सहीला पाठवत. वही कोणी वाचतं का, हे बघायला एकदा त्यांनी लिहिलं, 'आज ओढ्यात पाण्याऐवजी चहा वाहत होता.' वही सही होऊन परत आली. वर शेरा होता, 'समाधानकारक.'

घरी तरी कदर असावी, तर तिथे सासूबाईंची पक्की समजूत होती की सून कसला तरी शोधक डबा घेऊन फिरते आणि तो वस्तूच्या आतलं सांगतो. टरबूज आणलं की त्या म्हणायच्या, "तुझ्या डब्याला दाखव गं, आतून लाल आहे का बघ." नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. यंत्रांचं दुखणं त्याला कळायचं. पण सोमवारी ओढ्यावर आणि मंगळवारी टरबुजावर अशी बायकोची विद्या वाटली जाते याचं त्याला हसूच यायचं.

तर या बाईंचा तीन वर्षं एक अर्ज चालू होता. कारखान्यात रोज चाळीसेक ट्रक भंगार येतं. ते भट्टीत वितळतं, त्याच्या सळया होतात. भंगारात काय येईल याचा नेम नाही. बंद पडलेल्या कारखान्यांतल्या जुन्या उपकरणांत किरणोत्सर्गी तुकडे असतात. ते शिशाच्या जाड डब्यात ठेवलेले असतात आणि भंगारवाल्याला जाड डबा म्हणजे नुसतं वजन. असा एक तुकडा भट्टीत गेला तर भट्टी, धूर, राख, सळया सगळंच नासणार. आणि त्या सळया कोणाच्या तरी घराच्या भिंतीत जाऊन बसणार. म्हणून ट्रकच्या वाटेवर मोजणीचं फाटक बसवा, असं बाई लिहायच्या. अर्ज परत यायचा, 'पुढील वर्षी विचार करावा.' पुढच्या वर्षी विचार व्हायचा, तो असा की त्याच्या पुढच्या वर्षी करावा.

मग परदेशातल्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. फाटक नसेल तर माल नको. बाईंच्या तीन अर्जांना तीन वर्षांत जे जमलं नाही, ते त्या एका ओळीने तीन आठवड्यांत करून दाखवलं. शहाणपण बाहेरून आलं की पटकन पटतं.

फाटक म्हणजे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दीड माणूस उंचीचे दोन पिवळे खांब. खांबांच्या पोटात मोजणाऱ्या जाड पाट्या, डोक्यावर लाल दिवा आणि भोंगा. मधून ट्रक जायचा. काही असलं तर भोंगा वाजणार, नसलं तर नाही. इतकं सरळ वागणारं त्या आवारात दुसरं काही नव्हतं.

उद्घाटनाला अध्यक्षसाहेब आले. साठी उलटलेली, पण तब्येतीचा भारी अभिमान. कोणतंही भाषण असो, कामगारदिनाचं की कुणाच्या निरोपाचं, त्यात 'मी आजवर एक गोळी घेतली नाही आणि चार मजले जिन्याने चढतो' हे यायचंच. त्यांच्यामागे दोन पावलांवर त्यांचे धाकटे बंधू, उपाध्यक्ष. हे वीस वर्षं उपाध्यक्षच होते, आणि 'उप' या दोन अक्षरांचं ओझं त्यांना आता पेलवत नव्हतं.

फीत कापली. टाळ्या पडल्या. अध्यक्षसाहेब छाती काढून दोन खांबांमधून चालत निघाले आणि भोंगा बोंबलला.

लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

दिवा लालभडक झालेला पाहून व्यवस्थापकांचं तोंड मात्र पांढरं पडलं. "साहेब, घड्याळामुळे असेल," ते म्हणाले. साहेबांनी घड्याळ काढलं. पुन्हा भोंगा. किल्ल्या काढल्या, फोन काढला, पेन काढलं, शेवटी पट्टाही काढला. एका हाताने पँट सावरत अध्यक्ष तिसऱ्यांदा निघाले. भोंग्याने याही वेळी भीडभाड ठेवली नाही.

"हे धातू शोधायचं यंत्र नाही," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. समारंभात खालचा आवाज कोणाला ऐकू येत नाही.

मग व्यवस्थापक स्वतः खांबांमधून गेले. शांत. परत आले. शांत. ते तसे सहा वेळा गेले-आले, जणू सातव्यांदा तरी यंत्राला आपली चूक कळेल. फोटोवाला गेला, चहावाला किटलीसकट गेला. शांत. शेवटी उपाध्यक्ष हात पाठीमागे बांधून सावकाश गेले. चिडीचूप. पलीकडे पोचल्यावर ते हसले. तसं हसू त्यांच्या तोंडावर वीस वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं.

"यंत्र नवीन आहे," व्यवस्थापक घाम पुसत म्हणाले. "अजून साहेबांना ओळखत नाही."

बाईंनी अध्यक्षांना वजनकाट्याच्या केबिनमध्ये नेलं, बाकीच्यांना बाहेर काढून दार लावलं. त्यांच्याकडे हातात धरायचं दुसरं एक यंत्र होतं. किरणं किती आहेत एवढंच नव्हे, तर ती कोणत्या पदार्थाची आहेत तेही ते सांगायचं. बाईंनी ते साहेबांच्या छातीपासून हातभर अंतरावर धरलं. मिनिटभरात पडद्यावर नाव उमटलं. ते वाचून बाईंनी यंत्र खाली ठेवलं.

"साहेब, काल की परवा?"

"काय काल की परवा?"

"हृदयाची तपासणी. त्यासाठी शिरेतून औषध देतात, त्याचं नाव आलंय इथे."

अध्यक्ष खिडकीकडे बघत राहिले. बाहेर त्यांचं भाषण ठेवलेला माइक उभा होता.

"काल सकाळी," ते म्हणाले.

"इस्पितळातून पत्र दिलं असेल ना? दोन-तीन दिवस अशी यंत्रं वाजतील म्हणून?"

"फाडून टाकलं."

"घाबरू नका. एक-दोन दिवसांत आपोआप संपतं ते. तुम्हालाही धोका नाही, शेजारच्यालाही नाही."

"घाबरतोय कोण?" अध्यक्ष म्हणाले. त्यांना पट्ट्याचं भोक सापडत नव्हतं. मग आपणच बोलले, "तीन शिरा बंद आहेत म्हणतात. छाती उघडावी लागेल. घरात कोणाला माहीत नाही. आईला कळलं तर ती माझ्या आधी जाईल. आणि भावाला कळलं तर…" त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाई, यंत्र बिघडलंय असं लिहून द्या."

"तुमचं गुपित माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही, साहेब. पण बिघडलंय असं नाही लिहिता येणार. पहिल्याच दिवशी त्याला खोटं पाडलं, तर उद्या खरंच काही आलं की त्याचं ऐकणार कोण?"

"तुम्हाला नोकरी नकोय का?"

"हवी आहे. तीच करतेय."

दुसऱ्या दिवशी बाईंचा अहवाल गेला. चारच वाक्यं होती. 'यंत्र उत्तम चालत आहे. भोंगा योग्य कारणाने वाजला. कारण कोणालाही धोक्याचे नाही. कारण सांगण्याची मला मुभा नाही.' एकोणीस वर्षांत पहिल्यांदा व्यवस्थापकांनी बाईंचं लिखाण वाचलं, आणि वाचल्या वाचल्या त्यांचा पारा चढला.

"हा अहवाल आहे की उखाणा?"

"अहवाल आहे."

"म्हणजे तुमचं म्हणणं, साहेबांमध्ये दोष आहे आणि यंत्रात नाही?"

"माझं म्हणणं चार वाक्यांत लिहिलंय. पाचवं तुमचं आहे."

व्यवस्थापकांनी फाटकाची वीज तोडायला लावली, दोन्ही खांबांना ताडपत्री गुंडाळायला लावली, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी या न्यायाने हुकूम काढला: फाटक बंद असेपर्यंत बाईंनी जातीने उभं राहून प्रत्येक ट्रक हातातल्या काउंटरने तपासावा.

ही शिक्षा होती. बाईंनी ती काम म्हणून घेतली, हे व्यवस्थापकांना अधिकच झोंबलं.

सकाळी आठपासून बाई काट्याजवळ उभ्या. ट्रक आला की डबा घेऊन त्याला सावकाश वळसा घालायचा, चाकाजवळ थांबायचं, मागे थांबायचं, पुढचा. चालक लोक खिडकीतून डोकं काढून विचारायचे, "बाई, किती ताप आहे आमच्या गाडीला?" "आज औषध काय देताय?" बाई म्हणायच्या, "पुढे घ्या." दिवसाला चाळीस वळसे. संध्याकाळी त्या घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसायच्या.

"बिघडलंय असं लिहून मोकळी झाली असतीस," नवरा म्हणाला. "माझ्याकडे येतात ना, मशीन बिघडलंय म्हणत. निम्म्या वेळा दोराच उलटा ओवलेला असतो."

"मग तुम्ही काय सांगता?"

"बिघडलंय असंच सांगतो. दोरा उलटा आहे म्हटलं की राग येतो त्यांना."

"तुमच्या मशीनने फार तर फ्रॉक उसवतो," बाई म्हणाल्या, आणि पाय कोरडे करून उठल्या.

चौथ्या दिवशी उपाध्यक्ष फाटकावर आले. बरोबर शिपायाच्या हाती एक खुर्ची, एक मोठी छत्री आणि चहाचा थर्मास. बाईंच्या कष्टांबद्दल त्यांना फार वाईट वाटत होतं. विभागाला निदान दोन माणसं आणि एक खिडकीची खोली मिळायला हवी, असंही त्यांना वाटत होतं. इतक्या वाटण्यानंतर ते मुद्द्यावर आले.

"त्या दिवशी केबिनमध्ये यंत्राने काय दाखवलं, बाई? सख्खा भाऊ आहे माझा. काळजी वाटते."

"मग भावालाच विचारा ना."

"तो मला सांगेल का?"

"सख्ख्या भावाला जे सांगत नाहीत, ते माझ्याकडून कसं ऐकणार तुम्ही?"

उपाध्यक्षांनी खुर्ची परत नेली. छत्रीही नेली. चहा मात्र ओतून झाला होता, त्याला इलाज नव्हता.

अकराव्या दिवशी दुपारी, जुन्या पाइपांनी भरलेला एक ट्रक काट्यावर चढला. चालक पन्नाशीचा, गोलमटोल, गळ्यात टॉवेल. बाई डावीकडून निघाल्या. मागच्या चाकापर्यंत डबा रोजच्यासारखाच टिकटिकत होता. चाक ओलांडून मागच्या टोकाकडे सरकल्याबरोबर टिकटिक एकमेकींत मिसळली आणि तिचा सलग खर्रर्र आवाज झाला. बाईंनी डब्यावरचा काटा पाहिला. नेहमीच्या तीनशे पट. एकोणीस वर्षांत असा आकडा त्यांनी फक्त पुस्तकात पाहिला होता. त्या चार पावलं मागे आल्या.

"चावी काढा आणि खाली उतरा," त्या चालकाला म्हणाल्या. "पळू नका. त्या लांबच्या भिंतीपर्यंत चालत जा आणि तिथेच थांबा."

"थट्टा करताय ना, बाई?"

"नाही."

चालकाने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने चावी त्यांच्या हातात दिली. "चार तास चालवतोय मी ही गाडी," तो म्हणाला.

"तुमच्या सीटजवळ फार नाही. माल मागच्या टोकाला आहे, मध्ये पाइप आहेत. मी मोजून सांगते तुम्हाला. आधी चला."

मागे ट्रकांची रांग लागली, हॉर्न वाजू लागले, आणि व्यवस्थापक धावत आले. पण धावता धावता त्यांना सगळं कळलं असावं, कारण ट्रकपासून चाळीस पावलांवर त्यांचे पाय आपोआप थांबले.

"आत घ्या तो ट्रक!" ते तिथूनच ओरडले. "भट्टी थांबलीय तिकडे! आधी साहेब, आता भंगार. तुमची यंत्रं आपल्याच मुळावर उठलीत. काही नसतं त्यात!"

"काही नाही?"

"काही नाही!"

"मग तुम्हीच चालवा," बाई म्हणाल्या, आणि चावी पुढे केली. "चालक मी उतरवलाय. ही घ्या."

भिंतीपाशी सगळे चालक गोळा झाले होते. हॉर्न बंद झाले. व्यवस्थापकांनी चावीकडे असं पाहिलं, जणू बाईंच्या तळहातावर विंचू बसलाय.

"मला… ट्रकची सवय नाही," ते म्हणाले.

"आत दोनशे पावलांवर तर न्यायचाय."

"पाठीचं दुखणं आहे. डॉक्टरांनी उंच चढायला मनाई केलीय."

भिंतीपाशी कोणीतरी फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चावी खिशात टाकली, फोन काढला आणि अशा वेळी कळवायचा जो सरकारी नंबर विभागाच्या भिंतीवर इतकी वर्षं चिकटवलेला होता, तो पाठ असल्याने तसाच लावला.

"मला न विचारता?" व्यवस्थापक चाळीस पावलांवरून म्हणाले.

"नियमात 'व्यवस्थापकांना विचारून' असं कुठे नाही. लिहिणाऱ्याने तुमच्यासारखे बरेच पाहिले असतील."

दोन तासांनी सरकारी पथकाची तीन माणसं आली. लांब चिमट्यांनी पाइप दूर करत त्यांनी तळातून बादलीएवढं एक जाड लोखंडी भांडं बाहेर काढलं. कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यात, टाकीत माल किती भरलाय ते मोजायला ते बसवलेलं असणार. धोक्याच्या खुणेवर कोणीतरी हिरवा रंग फासला होता, आणि किरणांची खिडकी मिटणारी झडप गंजून उघडीच राहिली होती. पथकाने ते शिशाच्या पेटीत बंद केलं आणि बाईंना कागदावर सही मागितली.

"तुमच्याकडे फाटक बसवलंय म्हणून आमच्या नोंदीत आहे," पथकाचा प्रमुख म्हणाला. "कुठे आहे?"

बाईंनी ताडपत्रीकडे बोट दाखवलं.

"गुंडाळून का ठेवलंय?"

"धूळ बसू नये म्हणून," व्यवस्थापक म्हणाले.

अध्यक्ष त्या वेळी कारखान्याच्या सूचनाफलकाप्रमाणे परदेश दौऱ्यावर होते. प्रत्यक्षात ते वीस मिनिटांवरच्या इस्पितळात, छातीवर टाके घेऊन पडले होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा बाईंना फोन आला. आवाज पातळ झाला होता, पण ऐट शाबूत होती.

"ताडपत्री काढायला सांगितलंय मी."

"बरं झालं, साहेब."

"ते भांडं वितळलं असतं तर भट्टी वर्षभर बंद राहिली असती म्हणतात. त्यासाठी फोन केला. उगीच दुसरा अर्थ काढू नका."

"नाही काढत."

"भाऊ येऊन गेला. मीच बोलावून सांगितलं सगळं. रडला हो तो, लहानपणी रडायचा तसा." साहेब थांबले. "मग डोळे पुसून विचारलंन, विश्रांती किती महिने?"

पुढच्या महिन्यात कारखान्याच्या पत्रिकेत पहिल्या पानावर व्यवस्थापकांचा फोटो आला. त्यांच्या दूरदृष्टीमुळे आणि प्रसंगावधानामुळे मोठा अनर्थ टळला होता. आतल्या पानावर, कँटीनच्या नव्या वेळापत्रकाखाली, 'विभागातील कर्मचाऱ्यांचेही सहकार्य लाभले' असं होतं. बाईंनी तो अंक सासूबाईंना वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "चाळीस पावलांवरून दिसलं ना त्याला? दूरदृष्टीच ती."

आणि त्यानंतर एका सकाळी तो ट्रकचालक बाईंच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, अंग उतरलेलं. पथकाने त्याला तपासून, काही झालेलं नाही असा कागद दिला होता. तो कागद चार घड्या घालून त्याच्या खिशात होता.

"बायको घरात घेत नाही," तो म्हणाला. "ओसरीवर झोपतोय. ताट-वाटी वेगळी. महिनाभराची नात आहे, तिला हात लावू देत नाहीत. हा कागद दाखवला, तर म्हणे कागदाला काय कळतं?"

बाईंनी त्या दिवशीची ओढ्याची बाटली तशीच ठेवली आणि डबा पिशवीत घालून त्याच्याबरोबर निघाल्या.

घर दोन खोल्यांचं. दारात त्याची बायको पदर खोचून उभी होती. बाईंनी काही समजावलं नाही. डबा सुरू केला आणि आधी ओसरीची भिंत मोजली. टिक… टिक टिक. चूल मोजली. तेच. मग चालकाला उभं करून त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत डबा फिरवला. टिक… टिक टिक.

"सारखंच वाजतंय," बायको म्हणाली.

"सारखंच वाजणार. उन्हात उभा राहिलेला माणूस सावलीत येऊन उजेड पाडतो का? तसंच हे. त्याच्यावर पडलं तेवढं पडलं, तेही थोडंच. त्याच्यात काही शिरून बसलेलं नाही."

"आता माझ्यावर धरा."

बाईंनी धरला. डबा टिकटिकला.

"अगं बाई, म्हणजे मी पण?"

"तुम्ही पण, मी पण, तुमची ही भिंत पण. जन्मापासून."

बायको आत गेली आणि दुपट्यात गुंडाळलेली नात घेऊन आली. तिच्यावरही डबा धरायला लावला. पोर त्या टिकटिकीने डोळे मोठे करून बघू लागली.

"घ्या," बायको नवऱ्याला म्हणाली. "पण आधी हात धुवा. दाढीचं काय जंगल करून ठेवलंय ते."

चालक हात धुवायला मोरीकडे इतक्या घाईने गेला की तांब्या त्याच्या हातून दोनदा निसटला.